उललेला दात

दुखायचं ते चावताना नाही, सोडताना. एवढी एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी नीट सांगता आली असती तर चार महिने वाचले असते. पण तेव्हा ती माझ्याच ध्यानात आली नव्हती. ‘चावलं की दुखतंय’ असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो, आणि ऐकणारा साहजिकच किडका दात शोधत होता.

मी सुतार आहे. कराडजवळ माझं फर्निचरचं वर्कशॉप आहे. आजोबा बैलगाडीची चाकं करायचे, वडिलांनी जन्मभर दारं-खिडक्या केल्या, मी किचन ट्रॉल्या आणि वॉर्डरोब करतो. फळीवरून हात फिरवला की ती कुठून उलणार, म्हणजे चिरणार, ते मला सांगता येतं. माझ्याच तोंडातला दात उललाय हे कळायला मात्र दिवाळी जाऊन शिमगा उजाडला.

सुरुवात चिवड्यापासून झाली. डाव्या बाजूला तळलेला शेंगदाणा आला आणि एकदम कानशिलापर्यंत कळ गेली. वीज चमकावी तशी. आली आणि गेली. वाटलं खडा लागला. जीभ फिरवून बघितली, आरशासमोर टॉर्च मारून बघितलं, काही नाही. तोच चिवडा पुन्हा त्याच बाजूने खाल्ला, तरी काही नाही. पुढचे चार दिवस शांत. मग हळूहळू त्याची तऱ्हा दिसायला लागली. भाकरी चालायची, मटण चालायचं, आणि संक्रांतीच्या भाकरीवरचा एक तीळ दाताखाली आला की डोळ्यांत पाणी. माठातलं पाणी चालायचं, फ्रिजमधलं लागायचं. रात्री काही नाही, सूज नाही, हिरडी लाल नाही. कोणता दात म्हणून विचारलं तर मला बोट ठेवता येईना. कधी वाटायचं खालचा, कधी वरचा, कधी तर कानच.

घरचे उपाय करून झाले. लवंगेचं तेल लावलं. एका गिऱ्हाइकाने अक्कलकाढा आणून दिला, तो चघळल्यावर जीभ अशी बधिर झाली की जेवणाची चवच गेली, कळ होती तिथेच. फॅमिली डॉक्टरांनी पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या. त्यांचा काही उपयोग नव्हता, कारण जंतुसंसर्ग असा नव्हताच. पण हे आता कळतं.

मग एका दवाखान्यात गेलो. नाव सांगत नाही, वाईट माणसं नव्हती ती. एक्स-रे काढला, खालच्या दातांत काही दिसलं नाही. वरच्या एका दाढेला बारीक कीड होती, ती साफ करून सिमेंट भरलं. आठ दिवसांनी परत गेलो. सेन्सिटिव्हिटीची पेस्ट दिली, दोन महिने वापरा म्हणाले. वापरली. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा समोरचे डॉक्टर म्हणाले, “काका, तुमचं तिकडे लक्ष फार जातंय. बाकी काही नाही.” आणि मग म्हणाले, “फारच वाटत असेल तर वरच्या दाढेचं रूट कॅनाल करून बघू.”

‘करून बघू’ हा शब्द मी धंद्यात पण वापरतो, पण स्वतःच्या तुकड्यावर. गिऱ्हाइकाच्या सागवानावर नाही. मी खुर्चीतून उठलो. मधल्या काळात कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो, कान स्वच्छ निघाला होता. घरी यायचो आणि उजव्या बाजूने जेवायचो. चार महिने उजव्या बाजूने जेवलेला माणूस पंगतीत कसा दिसतो ते आमच्या हिला विचारा. “अहो, गाय रवंथ करते तसं करताय,” म्हणायची.

खरं सांगायचं तर मलाही वाटायला लागलं होतं की हे मनाचंच आहे. जे दिसत नाही, एक्स-रेत येत नाही, सांगताना नीट सांगता येत नाही, आणि डॉक्टरांच्या खुर्चीत बसलं की हमखास दुखत नाही, त्याला दुसरं काय म्हणायचं?

मुलगी पुण्याला असते. तिने फोनवर चौकशी करून सांगितलं की फक्त रूट कॅनालचंच शिक्षण घेतलेले वेगळे डॉक्टर असतात, एंडोडोंटिस्ट म्हणतात, त्यांना दाखवा. कराडातच एक मॅडम निघाल्या. वय पस्तिशीच्या आतबाहेर, माझ्या मुलीपेक्षा थोडी मोठी. त्यांनी तोंड उघडायला सांगायच्या आधी पाच-सात मिनिटं नुसते प्रश्न विचारले. त्यातला चौथा की पाचवा प्रश्न होता, “काका, कळ दाबताना येते की दाब सोडताना?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबलो. चिवड्यातला दाणा, भाकरीवरचा तीळ, परवाचा फुटाणा, सगळे एकेक करून आठवून बघितले. “सोडताना,” म्हटलं. मॅडमनी मान हलवली आणि हातमोजे घातले. चार महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की माझं दुखणं खरं आहे.

तपासणी अर्धा-पाऊण तास चालली. एक छोटी प्लॅस्टिकची काडी होती, टोकाला पिरॅमिडसारखा आकार आणि त्याला बारीक खळगा. दाढेच्या डोक्यावर चार-पाच उंचवटे असतात, त्यातल्या एकेका उंचवट्यावर ती टेकवायची आणि म्हणायचं, “चावा. धरून ठेवा. सोडा.” वरच्या सगळ्या दाढा झाल्या, खालच्या डावीकडच्या झाल्या, काही नाही. शेवटून दुसरी, म्हणजे अक्कलदाढेच्या पुढची दाढ आली. पहिला उंचवटा ठीक, दुसरा ठीक. तिसरा, जिभेच्या बाजूचा मागचा कोपरा. चावलं, काही नाही. “सोडा.” मी खुर्चीचा हात इतका आवळला की मदतनीस मुलगी दचकली. मॅडम म्हणाल्या, “सॉरी काका. पण सापडला.”

त्या दाढेत जुनी चांदी भरलेली होती, १९९४ सालची, लग्नाच्या आधीची. ती काढल्याशिवाय खालचं दिसणार नाही म्हणाल्या. दाढ बधिर करून चांदी काढली. मग खोलीतला मोठा दिवा बंद केला आणि एक बारीक टोकाचा पांढरा दिवा दाढेला बाजूने लावला. आरसा माझ्या हातात दिला होता. अर्धी दाढ कंदिलाच्या काचेसारखी उजळली आणि मधोमध एका रेषेपाशी उजेड थांबला. पलीकडची बाजू अंधारी. मग निळा रंग लावला, धुतला, आणि पुढून मागे जाणारी केसाएवढी निळी रेघ उरली. भिंगातून तिचा फोटो काढून मला मोबाइलवर पाठवला. तो अजून माझ्याकडे आहे, वर्कशॉपमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला दाखवून झालाय.

मी विचारलं, एवढी रेघ आहे तर एक्स-रेत का दिसली नाही? मॅडम समजावून सांगायला लागल्या आणि अर्ध्यातच मला समजलं, कारण ही आमच्या धंद्यातलीच गोष्ट आहे. प्लायवूडचे पदर सुटले की समोरून शीट एकदम ठणठणीत दिसतं. कडेने बघितलं तरच फट दिसते. एक्स-रे गालाकडून जिभेकडे जातो आणि ही चीर पुढून मागे गेलेली असते. म्हणजे एक्स-रे शीटकडे समोरून बघतो. कडेने बघायची त्याला तिथे सोय नाही.

सोडताना का दुखतं, तेही विचारलं. दाताच्या पांढऱ्या कवचाखाली जो पिवळसर भाग असतो, डेंटिन, त्यात लाखो बारीक नळ्या असतात आणि त्या पाणीदार द्रवाने भरलेल्या असतात. दाबलं की चिरेचे दोन भाग किंचित फाकतात. सोडलं की खटकन जागेवर येतात. त्या खटक्याने नळ्यांतला द्रव हलतो आणि आतल्या नसेला ते कळतं. द्रव हलल्यामुळे दात दुखतो, हे ब्रॅनस्ट्रॉम नावाच्या स्वीडिश संशोधकाने १९६० च्या दशकात पुढे आणलं. आणि उललेल्या दाताच्या या दुखण्याला ‘क्रॅक्ड टूथ सिंड्रोम’ हे नाव कॅमेरॉन यांनी १९६४ साली अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात वापरलं. हे मी नंतर मुलीकडून शोधून घेतलं. माझ्या जन्माच्या आधीपासून नाव असलेल्या दुखण्याला मी मनाचा खेळ समजत होतो.

आणि बोट का ठेवता येत नव्हतं? आतल्या नसेला दुखतंय एवढंच कळतं, कुठे ते कळत नाही. जागा सांगण्याचं काम दाताच्या मुळाभोवतीच्या पडद्याचं. दुखणं तिथपर्यंत पोचलेलं नसतं तोवर माणूस वरच्या-खालच्या जबड्यात, कानात, कुठेही बोट दाखवतो.

मग कारणांची उलटतपासणी सुरू झाली. मॅडमनी माझ्या पुढच्या दातांकडे बघून विचारलं, “काका, तोंडात खिळे धरता का?” पुढच्या दोन दातांच्या कडेला अर्धगोल खाच पडलीय, ती मी रोज आरशात बघतो आणि कधी विचार केला नव्हता. चुका, म्हणजे बारीक खिळे, तोंडात धरायची सवय आमच्या तीन पिढ्यांची. पण मागची दाढ त्याने उललेली नाही, हे त्यांनीच सांगितलं. मग सुपारी. जेवणानंतर खांड सुपारी, अडकित्त्याने कातरलेली, दिवसातून चार-पाच वेळा, तीस वर्षं. हे सांगताना मी थोडा कमीच आकडा सांगितला.

अडकित्त्यात सुपारी आपण टोकाशी धरत नाही, बिजागरीजवळ सरकवतो. जोर तिथे जास्त मिळतो. जबडा हासुद्धा अडकित्ताच. बिजागरी कानापाशी, आणि जी दाढ तिच्या जितकी जवळ तितका तिच्यावर जोर जास्त. खालच्या मागच्या दाढा उलण्याचं प्रमाण जास्त असतं त्याचं हे एक कारण. दुसरं असं की वरच्या दाढेचा एक जाडजूड उंचवटा बरोबर खालच्या दाढेच्या मधल्या खळग्यात येऊन बसतो, पाचरीसारखा. लाकूड फाडायला आम्ही हेच करतो.

त्यातून माझ्या त्या खळग्यात चांदी होती. त्या काळी चांदी भरायला खाच मोठी आणि खोल घ्यायचे, कारण चांदी दाताला चिकटत नाही, नुसती अडकून राहते. म्हणजे भिंती पातळ झाल्या आणि मधे भरलेला माल त्यांना धरून ठेवत नव्हता. चौकटीला पटाशीने गरजेपेक्षा मोठं भोक घेतलं की काय होतं ते मला कुणी सांगायला नको.

शेवटचा प्रश्न त्यांनी मला विचारलाच नाही, हिला विचारला. “काकू, हे झोपेत दात खातात का?”

“खातात का म्हणजे? कराकरा! मी म्हणायची जंत झाले असतील.”

लहानपणी आमच्या घरात झोपेत दात खाणाऱ्या पोराला जंताचं औषध मिळायचं, त्यामुळे चोपन्नाव्या वर्षी हा विषय निघाल्यावर मला लाजच वाटली. मॅडम म्हणाल्या, जंताचा याच्याशी संबंध नाही. ताण, झोपेची पद्धत, काही औषधं, अशी कारणं असतात, आणि दात खाणाऱ्याला स्वतःला ते बहुतेक वेळा माहीतच नसतं. त्यांनी माझ्या तोंडातल्या खुणा दाखवल्या. गालाच्या आतून दातांच्या रेषेत पांढरी वळी, जिभेच्या कडेला दातांचे ठसे, दाढांची डोकी रंधा मारल्यासारखी सपाट. त्या आधीच्या दोन वर्षांत एका बिल्डरने माझे पैसे अडकवले होते. दिवसा मी कुणाशी वर आवाजात बोललो नाही. रात्री काय करत होतो ते दाढेवर लिहिलेलं होतं.

आता पुढे काय? मी म्हटलं, मॅडम, लाकूड उललं तर आम्ही फटीत फेविकॉल सोडतो आणि शिकंज्यात आवळून ठेवतो. सकाळी सांधा मूळ लाकडापेक्षा पक्का. तसं काही नाही का? त्या हसल्या, पण उत्तर सरळ दिलं. हाड मोडलं तर जुळतं, कारण हाडात रक्त आहे, जिवंत पेशी आहेत. दाताचं वरचं कवच शेकडा ९६ टक्के नुसतं खनिज, त्यात पेशी नाहीत, ते तयार झालं की झालं. आणि फटीत लाळ आणि जंतू आधीच शिरलेले असतात, ती आतून साफ करून चिकटवता येत नाही. “चीर भरून येत नाही काका. ती आणखी फाकू नये म्हणून दाढ बाहेरून बांधून ठेवायची, एवढंच आपल्या हातात.”

हे ऐकलं आणि मला आजोबांच्या चाकांवरची धाव, म्हणजे लोखंडी कडं, आठवलं. चाक तयार झालं, आरे आणि पुठे बसले, की लोहार लोखंडी धाव गोवऱ्यांच्या गोल आगीत लाल करायचा. चौघं चिमट्यांनी ती उचलून चाकावर बसवायचे आणि वरून पाणी ओतायचे. चर्र आवाज, धूर, आणि धाव आवळत जाताना लाकडातल्या फटी डोळ्यांदेखत मिटायच्या. लाकूड काही सांधलं जायचं नाही. पण धाव आहे तोवर चाक चालायचं. मी मॅडमना हे सांगितलं तर त्यांनी धाव कधी बघितलीच नव्हती. पाच मिनिटं पेशंट आणि डॉक्टर यांची अदलाबदल झाली.

बांधायच्या आधी एक माप घ्यायचं होतं. मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई हिरडी आणि दाढ यांच्या मधून सगळीकडे फिरवली. सगळीकडे तीन, एके ठिकाणी चार. एकाच जागी ती अचानक सहा-सात आत गेली असती तर चीर मुळाकडे उतरलीय असा अर्थ झाला असता आणि दाढ काढण्याची भाषा सुरू झाली असती. माझी वाचली होती, निदान तेव्हा.

लगेच रूट कॅनाल नाही केलं. बर्फासारखा गार फवारा मारलेला बोळा दाढेला लावून बघितला. कळ आली आणि दोन-तीन सेकंदांत ओसरली. म्हणजे नस चिडलीय पण मेलेली नाही. अशा वेळी नुसती कॅप घालूनही भागतं, बऱ्याच जणांना रूट कॅनाल लागतच नाही, असं मॅडमनी सांगितलं. म्हणून त्यांनी वाकडे दात सरळ करायला वापरतात तशी स्टीलची पट्टी दाढेभोवती बसवून सिमेंटने पक्की केली, वरून किंचित घासून समोरच्या दाढेचा दाब कमी केला, आणि तीन आठवड्यांनी बोलावलं. त्याच दिवशी संध्याकाळी मी डाव्या बाजूने भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम फुटाणा. काही नाही! पट्टीने दुखणं थांबलं याचा अर्थ निदान बरोबर, असं मॅडम म्हणाल्या होत्या. मी हिला सांगून टाकलं की संपलं आता.

अठराव्या रात्री जाग आली ती ठणक्याने. ही कळ वेगळी होती. चावण्याशी संबंध नाही, आपली आपणच सुरू होते, ठण-ठण-ठण, आडवं झालं की वाढते. गार पाण्याची चूळ घेतली तर दहा मिनिटं दात थांबेना. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी दारात जाऊन बसलो. मॅडमनी गार बोळा लावला आणि घड्याळ बघितलं. कळ मिनिटभर रेंगाळली. “नस आता परत येणार नाही काका. रूट कॅनाल करावं लागेल.” चिरेतून जंतू आत पोचले होते. पट्टी आधी बसली असती तर नस वाचली असती का, हे मी विचारलं. त्यांनी ‘कदाचित’ म्हटलं आणि विषय वाढवला नाही. त्या चार महिन्यांचा हिशेब मी मात्र अजून करतो.

रूट कॅनालची जेवढी भीती लोक घालतात तेवढं काही नाही, हे खरं. पण एक सांगतो, खालच्या जबड्यात नस तापलेली असताना इंजेक्शन लवकर लागू होत नाही. ओठ आणि अर्धी जीभ बधिर झाली, तरी दाढेत मशीन टेकलं की झणका. आणखी एक इंजेक्शन द्यावं लागलं. हात वर केला की मॅडम थांबत होत्या, म्हणून निभावलं. तोंडावर रबराचं कापड ताणून बसवतात, त्यातून फक्त ती एक दाढ वर डोकावते. लाळ आत जात नाही आणि औषध घशात उतरत नाही. एक यंत्र मुळाच्या टोकाशी पोचलं की टीं-टीं-टीं करतं, ट्रक मागे घेताना वाजतो तसं.

खरी धाकधूक रूट कॅनालची नव्हतीच. दाढेच्या आत नसेची एक छोटी खोली असते. ती उघडल्यावर तिच्या जमिनीवर चीर उतरलेली दिसली तर दाढ दोन फाळ्यांत गेल्यात जमा, मग पुढे काही करण्यात अर्थ नाही, हे मला आधीच सांगून सहीसुद्धा घेतली होती. मायक्रोस्कोप खाली आला. मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मी तोंड उघडं ठेवून छताकडे बघत होतो, तिथल्या पीओपीला एक तडा होता आणि माझं लक्ष त्याच्यावरून हलेना. मग त्या म्हणाल्या, “मागच्या भिंतीतून उतरलीय, पण जमिनीच्या वरच थांबलीय.” फोटो दाखवला. खरंच थांबलेली. फळीतली चीर गाठीपाशी अडते तशी.

माझा एक मित्र, मासे-मटणाचा शौकीन, त्याला हे भाग्य लाभलं नाही. त्याची दाढ मटणाची नळी फोडताना गेली. त्याने महिनाभर अंगावर काढलं, आणि दवाखान्यात दाढेचे दोन भाग चिमट्याने वेगवेगळे हलले. काढावीच लागली. आता इम्प्लांट बसवलंय, माझ्या खर्चाच्या तिप्पट.

दुसऱ्या भेटीत मुळांतल्या तिन्ही नळ्या भरून झाल्या, वर सिमेंटचा गाभा बांधला, दाढ चहूबाजूंनी आणि वरून दीडेक मिलिमीटर घासली आणि माप घेतलं. कॅप झिर्कोनियाची घेतली. रंगाच्या नमुन्यांची पट्टी दातांशेजारी धरून छटा ठरवतात, अगदी सनमायकाच्या कॅटलॉगसारखी. मी म्हटलं मागची दाढ कोण बघतंय, पण मॅडमनी पाच मिनिटं घालवली. त्या बाबतीत त्या माझ्यासारख्याच निघाल्या. कॅप येईपर्यंत सहा दिवस तात्पुरती प्लॅस्टिकची. खरी बसवताना निळा कागद दातांत धरून कटकट चावायला लावलं, जिथे ठिपका गडद उठला तिथे घासलं, पुन्हा कागद, पुन्हा घासलं. दार बसवताना आम्ही खडू लावून अडतं कुठे ते बघतो, तेच.

खर्च सांगतो, कारण मला आधी कुणी सांगितला नव्हता. रूट कॅनाल साडेपाच हजार, गाभा आणि कॅप मिळून अकरा, पट्टी आणि तपासणी दोन. आधीच्या दवाखान्यात, कानाच्या डॉक्टरांकडे आणि गोळ्या-पेस्टमध्ये गेलेले साडेतीन वेगळे. माझ्या मेडिक्लेममधून एक रुपया मिळाला नाही. गॅरंटी किती वर्षांची, हा प्रश्न मी सवयीने विचारला. मॅडम म्हणाल्या, “गॅरंटी नाही. चीर आत तशीच आहे. उद्या ती मुळात उतरली तर दाढ काढावी लागेल, आणि तेव्हा तुम्ही मला दोष द्यायचा नाही.” मी गिऱ्हाइकाला इतकं खरं कधी बोललेलो नाही.

मधे एक गंमत झाली. माझा फोटो बघून मुलीने पुण्यात आरशासमोर टॉर्च लावली, आणि तिला पुढच्या दातांवर उभ्या बारीक रेघा दिसल्या. रडकुंडीला येऊन फोन. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, त्या वरवरच्या, मोठ्या माणसांच्या दातांवर सर्रास असतात, दुखत नाहीत, त्यांना काही करायचं नसतं. उजेड त्यांच्यातून आरपार जातो. लोणच्याच्या जुन्या चिनीमातीच्या बरणीच्या चकाकीवर जाळी पडते, तसं. बरणी गळत नाही.

कॅपनंतर नाइट गार्ड. कडक पारदर्शक प्लॅस्टिकचं, वरच्या दातांवर रात्री बसवायचं. पहिले आठ दिवस उशी भिजायची आणि मी बोललो की ही हसायची. गरम पाण्याने धुतलं तर वाकतं, हे मला सांगितलेलं असूनही मी एकदा धुतलं. नशीब, थोडक्यात निभावलं. सुपारी सोडली. म्हणजे सोडली असं मी म्हणतो. लग्नाकार्यात विडा येतो तेव्हा बडीशेप उचलताना हात थोडा रेंगाळतो. चुकांसाठी मनगटावर बांधायचा लोहचुंबकाचा पट्टा आणला. कामावरची पोरं आधी हसली. आता त्यातल्या एकाने माझाच ढापलाय.

सहा महिन्यांनी तपासणीला गेलो. डावीकडे एक्स-रेत मुळाखाली सगळं स्वच्छ, हिरडीचं माप तीनच. मग मॅडमनी नाइट गार्ड मागून घेतलं आणि उजेडात धरलं. त्यावर घासल्याच्या रेघा होत्या, आणि उजव्या बाजूला मागे एक खळगा पडला होता. चार महिने सगळं जेवण ज्या बाजूने रेटलं, तीच बाजू. तिथल्या दाढेतही चांदी आहे, त्याच सालची. मॅडमनी खोलीतला दिवा बंद केला, तो बारीक दिवा तिला बाजूने लावला आणि आरसा माझ्या हातात दिला. आम्ही दोघंही काही बोललो नाही. चांदीच्या कडेकडेने दाढ दोन्ही बाजूंना उजळली. अजून तरी उजेड कुठे अडत नाही. पुढची तारीख दिवाळीनंतरची दिलीय.